भातसानगरला केलेली स्कॉटलंडची करंजी

मृग लागून आठवडा झाला होता. कल्याणला पावसाचा पत्ता नव्हता, नुसते ढग येत आणि जात. अशात भातसानगरहून आक्काचा फोन आला. "पोरगा आलाय बघ तिकडून. तीनच आठवडे हाय. तू आली न्हाईस तर म्हणंल, मावशी विसरली." शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला घराबाहेर पडायला कारण पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळची कसारा लोकल धरली.

टिटवाळा मागे पडले की डबा मोकळा होतो आणि वारा वेगळा लागतो. खडवलीला भातसा नदी भेटते. वासिंद गेले की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. आसनगावला उतरले तर स्थानकाबाहेरच ठाकूर-कातकरी बायका शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसलेल्या. ज्या भगिनींनी शेवळे पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या पावसाच्या आसपास ही रानभाजी जमिनीतून वर येते, जांभळट तपकिरी पानात गुंडाळलेल्या कोंबासारखी. शहापूर-मुरबाडच्या रानातून ती मुंबईपर्यंत जाते. घशाला खाजवते, म्हणून तिच्याबरोबर काकडाची आंबट हिरवी फळे घ्यावी लागतात. मी चार जुड्या घेतल्या. "काकडं दे गं मूठभर जास्त," म्हटले तर ती हसून म्हणाली, "खाज काय मलाच सुटनार हाय का?" आणि मोजून तेवढीच दिली.

शहापूरहून पुढे जीप. आमच्या पुढे पाण्याचा टँकर चालला होता आणि रस्ता अरुंद, त्यामुळे बराच वेळ त्याच्या मागून गळणारे पाणी बघत जावे लागले. शहापूर हा धरणांचा तालुका आहे. १८९२ साली तानसाचे धरण झाले, तेव्हापासून मुंबईची तहान या डोंगरांच्या वाट्याला आली. त्यानंतर मोडकसागर, अलीकडे मध्य वैतरणा. भातसा या सर्वांत मोठे. उंची सुमारे ८९ मीटर, लांबी ९५९ मीटर, १९८३ साली पुरे झालेले. पाणी नदीतूनच खाली पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होऊन मुंबईला जाते. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातले जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसाचे असते. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. हा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

आमचे मूळ गाव बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळाने ज्यांना गावातून उठवले त्यांत आमचे दाजी होते. वीस वर्षांचा पोरगा, हातात पाटी-फावडे. भातसाच्या कामावर रोजंदारीने लागले ते पुढे पाटबंधारे खात्यात कायम झाले. आक्का लग्न होऊन आली ती थेट वसाहतीतल्या खोलीत. दाजी निवृत्त झाले तशी खोली सुटली, पण गाव सुटले नाही. वसाहतीच्या बाहेर रस्त्याला लागून दोन खोल्या आणि पडवी बांधली आहे. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, आणि त्यांच्याखाली धरणाचे काम चालू असतानाचा एक पिवळा पडलेला फोटो. त्यातला डोक्यावर टोपी नसलेला तिसरा माणूस म्हणजे दाजी, असे ते सांगतात. चेहरा दिसत नाही.

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये डंडी नावाच्या शहरात रुग्णालयात नर्स आहे. पुरुष नर्स म्हटले की आपल्याकडे अजून लोक हसतात, तिकडे हसत नाहीत असे तो म्हणतो. मी पिशवी ठेवते न ठेवते तोच त्याने जाहीर केले, "मावशी, उद्या तुला तिकडची मटणाची करंजी करून घालतो." परवा ज्येष्ठी पौर्णिमा होती, त्या दिवशी आक्काच्या घरी मांस शिजत नाही, म्हणून उद्याच.

आक्का चुलीकडे तोंड करून बसली होती. ती वळलीसुद्धा नाही. "त्यात काय तिकडची? मी जन्मभर केली ती काय व्हती मग?"

इथे मला मागे जावे लागेल.

वसाहतीत सगळ्या महाराष्ट्रातून आलेली माणसे होती. भिंतीला भिंत लागून घरे. शेजार चांगला होता, अडीनडीला धावून येणारा. पण स्वयंपाकाचा वास भिंत मानत नाही. आक्काच्या घरी मटण शिजले की पलीकडची खिडकी जरा जोरात लागायची. तोंडाने कोणी कधी काही बोलले नाही. आक्का मग रविवारचे मटण रात्री दहानंतर शिजवू लागली, आपल्याच खिडक्या लावून घेऊन. भाचा पाचवीत गेला तेव्हा शाळेत सगळ्यांनी गोलात बसून डबे खायचे असा नियम होता. एका सोमवारी त्याच्या डब्यात आदल्या रात्रीचे सुके मटण होते. त्याने झाकण काढले तसे गोल मोडला. घरी आला तेव्हा डबा भरलेला होता. विचारले तर म्हणाला, भूक नव्हती.

पुढच्या सोमवारी आक्काने खिमा कोरडा परतला, मैद्याच्या पाऱ्या लाटल्या, खिमा भरला, कडेला नेटकी मुरड घातली आणि करंज्या तळल्या. वरून बघितले तर नारळाच्या सारणाची करंजी. आत काय आहे ते मोडल्याशिवाय कळायचे नाही, आणि तळलेल्या मैद्याच्या वासात दुसरा वास बुडून जायचा. भाचा गोलात बसून दोन घासांत एक करंजी संपवायचा. एकदा एका मुलाने विचारले, "तुमच्याकडं वर्षभर दिवाळी असते का रे?" हा म्हणाला, "असते."

हे सगळे आम्ही हसत हसत सांगतो. पण ती करंजी आक्काने दिवाळीच्या फराळात कधी केली नाही.

पुढे नर्सिंगच्या शिक्षणासाठी तो शहरात गेला. तिथे भाड्याची खोली वासावरून सोडावी लागली. कोणत्या शहरात आणि कोणाची, ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी शहरात खोल्या शोधल्या आहेत त्यांना ते माहीत आहे.

आता तिकडचे. डंडीच्या उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर अँगस परगण्यात फॉरफर नावाचे छोटे गाव आहे. सुट्टीच्या दिवशी बरोबरच्या एका बाईंनी त्याला तिथे नेले. दुपारची वेळ, बेकरीपुढे रांग. "मावशी, काचेत बघतो तर आईची करंजी! फक्त हाताच्या पंजाएवढी, आणि घोड्याच्या नालासारखी वाकवलेली." तिचे नाव ब्रायडी. प्रत्येकीच्या पाठीवर भोक पाडलेले, कुणाला एक, कुणाला दोन. त्याने विचारले, ही भोके कशाला? गल्ल्यावरची बाई म्हणाली, एक भोक म्हणजे साधी, नुसत्या मांसाची. दोन भोके म्हणजे कांदा घातलेली. वाफ जायला भोक तर पाडावेच लागते, मग त्याचीच खूण केली. लोक कागदी पिशवीतून ती बाहेर काढत होते आणि तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहून खात होते. गाडी पुसणारा, बँकेतला साहेब, शाळेची पोरे.

"वरच सांगितलेलं असतं, आत काय आहे ते," भाचा म्हणाला.

आक्काने तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

ब्रायडी हे नाव कुठून आले याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की ग्लॅमिस गावची मॅगी ब्रायडी नावाची बाई हे विकत फिरायची. दुसरी अशी की नालाचा आकार शुभ मानतात, म्हणून नवरीच्या जेवणात ही असायची आणि नवरीच्या इंग्रजी शब्दावरून नाव पडले. दोन्हींपैकी खरी कोणती याच्या भानगडीत मी पडत नाही. गावातली मॅक्लॅरेन यांची बेकरी १८९३ पासूनची आहे, एवढे मात्र भाच्याने पाटीवर वाचले. डंडी आणि फॉरफर ही गिरण्यांची गावे. आपल्या बंगालचा ताग बोटीने तिकडे जायचा आणि त्याची पोती विणली जायची. डंडीच्या गिरण्यांत बायका जास्त होत्या. हातात धरून खाता येईल, ताटवाटी लागणार नाही आणि पोट भरेल असे जेवण कामगारांना सगळीकडेच लागते. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या खाणकामगारांची पेस्टी याच जातीची. आपल्या इराण्याकडचे खिमा पॅटिससुद्धा त्यांचे लांबचे नातेवाईक म्हणता येईल.

स्कॉटलंड म्हटले की आपल्या लोकांनी अगदी परके समजू नये. महात्मा फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याला शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. आणि दाजींना एक गोष्ट नेहमी आठवते. बाबासाहेब लंडनला शिकत असताना घरमालकीण पोटभर जेवायला देत नसे. रात्री अभ्यास करताना भूक असह्य झाली की ते बोव्हरिलचा पेला आणि पापडाचे तुकडे एवढ्यावर भागवत, असे चरित्रात आहे. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा आटवलेला अर्क, गरम पाण्यात ढवळून प्यायचा. तो काढणारा जॉन लॉसन जॉन्स्टन हा मूळचा स्कॉटलंडचाच. दाजी हे सांगतात तेव्हा भांड्याच्या तळाशी चमच्याने ढवळल्यासारखा हात फिरवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आणि मी शहापूरच्या बाजारात मटणाला गेलो. फॉरफरची ब्रायडी गोमांसाची असते. आपल्या राज्यात २०१५ च्या कायद्यानंतर गाय-बैलाचे मांस चालत नाही, तेव्हा बोकडाचे मटण घेतले. मांडीचे बिनहाडाचे एक किलो. त्याशिवाय भाच्याने गुर्द्याभोवतीची पांढरी टणक चरबी मागून घेतली. दुकानदार म्हणाला, "ही कशाला? कुत्र्याला?" भाचा म्हणाला, "मला." त्याने वजन न करताच कागदात बांधून दिली.

घरी आल्यावर कागद सोडला आणि आक्का गप्प झाली. आमच्या आजीच्या घरी चरबीचे मडके असायचे. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातले हे सगळे खाणे मांडले आहे, ते वाचताना मला आजीची दोरी दिसली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले. ते आमच्या आजीपर्यंत पोचायला किती वर्षे लागली ठाऊक नाही, पण पोचले आणि तिने सोडले. ते सोडण्यात मोठी हिंमत होती, कारण पोटाला दुसरे काही नव्हते. पण मला नेहमी वाटते की आजीने सोडले ते मेलेल्या ढोराचे मांस आणि ते ओढण्याची सक्ती. पुढच्या पिढीत आपल्यातल्या काहींनी त्याच्याबरोबर मटणाचीही लाज धरली. शहरात घर घेतले की पाहुण्यांसमोर "आम्ही फारसं खात नाही" असे सांगायचे. मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य बोलले आहे. एकदा नव्हे.

"आजी हीच कापायची," आक्का म्हणाली, आणि सुरी तिनेच हातात घेतली. तिने चरबीचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे इतके भराभर केले की भाचा बघत राहिला.

आता कृती. पाव किलो मैद्याला सव्वाशे ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यात निम्मी चरबी आणि निम्मे लोणी, अर्धा चमचा मीठ. एवढ्यात सहा होतात. इथे आपल्या करंजीपेक्षा उलटा प्रकार आहे. आपण कडकडीत मोहन घालतो. इथे मोहन गार हवे, आणि ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचे, तळहाताची ऊब लागू द्यायची नाही. रव्यासारखे झाले की गार पाण्याने, पाच-सहा चमचे पुरते, जेमतेम गोळा करायचा. मळायचा नाही. पाणी जास्त झाले की कवच चामड्यासारखे होते. भाच्याने फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवायला सांगितले आणि तेवढ्यात वीज गेली. भातसाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचे वीजघर आहे हे मी उगीच आठवून दिले. आक्काने गोळा डब्यात घातला, डबा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माठाशेजारी ठेवला. पाणी माठातलेच वापरले होते. चालले.

फॉरफरची पारी अशी साधी, खुसखुशीत असते. स्कॉटलंडात इतरत्र हीच ब्रायडी पापुद्र्याची करतात, म्हणजे आपली साट्याची करंजी म्हणा.

मटण भाच्याने हातानेच सुरीने बारीक केले, यंत्रातून काढले नाही. यंत्रात त्याचा लगदा होतो आणि रस राहत नाही असे त्याचे म्हणणे. पण बोकडाचे मांस चिवट, तेव्हा अगदी बारीक करावे, हे आक्काचे म्हणणे. सहा ब्रायडींना साडेतीनशे ग्रॅम मटण, पन्नास ग्रॅम चरबी, मीठ, भरडलेले मिरे. कांद्याची करायची असेल तर दोन कांदे बारीक चिरून. एवढेच.

"हळद?"

"नाही आई."

"आलं-लसूण तरी?"

"नाही."

"मग हे आजाऱ्याचं जेवण हाय म्हण की."

आणि मुख्य म्हणजे सारण कच्चेच भरायचे. आक्काला हे पटेना. मलाही पटत नव्हते. पण त्यातच मेख आहे. मांस आत शिजताना त्याचा रस आणि चरबी कवचाच्या आतल्या अंगाला लागते. आधी शिजवले तर तो रस कढईतच राहतो.

पारी वीतभर लांब, अंडाकृती लाटायची, जरा जाड. अर्ध्या भागावर सारण, कडेला पाण्याचे बोट, दुमडून मुरड. कातण्याने कापून चालत नाही, कड सुटते. मुरडच हवी, आणि ती आक्कासारखी कोणाला येत नाही. मग दोन्ही टोके जरा आत ओढली की नाल झाला.

भट्टी कुठून आणायची हा प्रश्न दाजींनी सोडवला. जाड बुडाचे पातेले, त्यात दोन बोटे वाळू, वाळूवर लोखंडी कडे, कड्यावर चरबी लावलेली ताटली. आपल्या बायका केक करतात तसे. वाळू मात्र दाजींनी सकाळपासून चाळून, धुऊन, उन्हात पसरली होती. मूठभर वाळू कानाशी नेऊन चोळली आणि म्हणाले, "माती न्हाई. धरणाला चालंल."

पहिली खेप बिघडली. वाळू पुरती तापण्याआधीच ताटली आत ठेवली, त्यामुळे चरबी वितळून बाहेर आली आणि कवच तेलकट, पांढरेफटक राहिले. त्यात घाईत दोघींना भोकेच पाडली नव्हती. एक फुटली आणि रस वाळूत सांडून असा करपट धूर झाला की दाजी पडवीतून उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. भाच्याचा चेहरा उतरला. तिकडे विजेच्या भट्टीत बटण दाबले की झाले, इथे कोण सांगणार किती तापले ते?

आक्का म्हणाली, "आता सर तू." तिने पातेले उचलून पडवीच्या कडेच्या चुलीवर ठेवले. झाकण लावून चांगली पंधरा मिनिटे जाळ घातला. वाळूवर पाण्याचा थेंब टाकून बघितला, तो चुर्र होऊन उडाला तेव्हा ताटली आत गेली. मग जाळ कमी केला आणि झाकणावर निखारे पसरले. खाली जाळ, वर निखारे, मधे ब्रायडी. पन्नास मिनिटे झाकण काढू दिले नाही. काढले तेव्हा मुरडीचे कंगोरे तपकिरी झाले होते आणि भोकातून रस बुडबुडत होता. रस स्वच्छ हवा. एक मोडून आत गुलाबी राहिले नाही ना ते बघून घ्यावे, राहिले असेल तर आणखी दहा मिनिटे.

चव कशी? आपल्या जिभेला पहिल्या घासात सपक. दुसऱ्या घासात मटणाची स्वतःची चव कळू लागते, जी आपण एरवी वाटणाखाली गाडून टाकतो. तिसऱ्या घासाला आक्काने लसणाचा ठेचा आणला, आणि खरे सांगायचे तर मला तशीच जास्त आवडली. भाच्याने ठेच्याला हात लावला नाही. दाजींनी कांद्याच्या दोन खाल्ल्या आणि तोंडाने काही न बोलता तिसरीकडे बघितले, आमच्या दाजींची पसंती ती एवढीच.

उरलेल्या मटणाकडे बघत आक्का म्हणाली, "शेवळं आणलीस नव्हं तू?"

या भागात शेवळे खिम्यात घालतातच, तेव्हा कल्पना नवी नव्हती. वरची पाने सोलली, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकला, बाकीचे बारीक चिरून तेलात परतले. काकडाची फळे ठेचून, उकळून त्यांचा रस त्यात घातला आणि चांगले शिजवून पाणी आटवले. हे मात्र कच्चे चालत नाही, घसा धरतो. गार झाल्यावर मटणात मिसळले. या खेपेला आक्काने चोरून हळद आणि एक हिरवी मिरची घातलीच. भाच्याने बघितले आणि न बघितल्यासारखे केले.

सहा तयार झाल्या. भाचा काडी घेऊन भोके पाडायला बसला आणि थांबला. एक साधीचे, दोन कांद्याची. आता हिला किती?

"तीन पाड," आक्का म्हणाली. "न्हाईतर कळायचं कसं?"

संध्याकाळी आम्ही धरणाच्या बाजूला फिरून आलो. जूनचा मधला पंधरवडा, पाणी खूप खाली गेलेले, काठाच्या उघड्या मातीवर पाण्याच्या उतरत्या रेघा. दाजींनी लांबूनच हात करून दाखवले, तिथं आमची टोळी होती, तिथं मुकादम बसायचा. परत आलो तेव्हा आक्का ताटलीत चार ब्रायडी घेऊन शेजारी द्यायला निघाली होती. शेजारचे कुटुंब ठाकूर समाजाचे, त्यांच्याकडे शेवळ्याचे कौतुक. अंगणातूनच तिचा आवाज ऐकू आला. तीन भोकाची शेवळ्याची हाय, दोनाची कांद्याची, सगळ्या मटणाच्या हायत बरं का. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज.

रात्री पाऊस आला. पहिलाच मोठा. वीज पुन्हा गेली, आणि आम्ही पडवीत बसून उरलेली एक चौघांत मोडून खाल्ली.

परतताना आक्काने डब्यात तीन घालून दिल्या, प्रत्येक प्रकारची एक. आसनगावला गाडी मिळाली, बायकांच्या डब्यात जागाही मिळाली. वासिंदच्या आसपास भूक लागली तसा डबा उघडला. समोर दोघीजणी होत्या. एक माझ्या वयाची, एक तरुण, मांडीवर ऑफिसची बॅग.

"अगं बाई, करंज्या? आत्ता?" तरुण मुलगी म्हणाली.

जिभेवर जुने वाक्य तयार होते. मी म्हटले, "मटणाच्या आहेत. ही एका भोकाची साधी, दोन भोकांची कांद्याची, आणि ही तीन भोकांची, शेवळं घातलेली. घे, कोणती देऊ?"

माझ्या वयाच्या बाईंनी पदर नाकाशी नेला आणि खिडकीकडे तोंड केले. गाडी रिकामीच होती, त्यांना उठून दुसरीकडे बसता आले असते, पण बसून राहिल्या. मुलगी थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली. मग तिने तीन भोकांची उचलली. तिची आजी मुरबाडकडची, शेवळ्यांची. अर्धी खाऊन झाल्यावर तिने वही काढली. टिटवाळा येईपर्यंत तिने मैदा आणि चरबीचे प्रमाण लिहून घेतले आणि वाळू किती बोटे घालायची ते दोनदा विचारले.